संशोधनाची संधी शोधायची कुणी?

बारावीचे निकाल लागून प्रवेश आटोपले, की आमच्या स्टाफरूममध्ये एक वाद दरवर्षी पेटतो: पहिल्या वर्षाच्या पोरांनी संशोधन करावं की नाही? यंदा तो थेट स्वागत समारंभाच्या व्यासपीठावर गेला. शहरातून आलेले पाहुणे म्हणाले, "पहिल्या दिवसापासून संशोधक व्हा. मोठमोठ्या संस्थांतल्या प्रोफेसरांना मेल टाका, इंटर्नशिप मिळवा. तिसऱ्या वर्षापर्यंत नावावर दोन तरी पेपर हवेत." माझ्या शेजारी बसलेले भौतिकशास्त्राचे आमचे ज्येष्ठ सर पुटपुटले, "आधी यांना लॉग टेबल बघता येऊ दे." समोर तीनेकशे मुलं बसली होती. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांच्या घरातलं कुणी आजवर कॉलेजची पायरी चढलेलं नाही. पाहुण्यांचं ऐकून त्यांनी मेल कुणाला टाकायचा, आणि सरांचं ऐकून कुठवर थांबायचं?

हे दोघंही चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत, असं मला वाटतं. पाहुण्यांना संशोधन म्हणजे बायोडेटातली एक ओळ वाटते, सरांना ते अभ्यास संपल्यावरचं बक्षीस वाटतं. मुलांना जमेल का, याची चर्चा दोघंही तावातावाने करतात. कॉलेजला जमेल का, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. पहिल्या वर्षापासून मुलांना संशोधनात हात घालू द्यावा, गुणांची चाळणी न लावता आणि पेपरचा आग्रह न धरता. आणि ही संधी शोधून काढणं हे अठरा वर्षांच्या पोराचं काम नाही. फी घेऊन ज्यांनी त्याला आत घेतलं, त्यांचं ते काम आहे.

सरांची बाजू हलकी नाही, म्हणून आधी तिच्याकडे वळते. मुलांचा पाया कच्चा असतो हे खरंच आहे. टक्केवारी काढताना अडखळणारी, आलेखाच्या कोणत्या अक्षावर काय घ्यायचं हे ठाऊक नसलेली मुलं मी दरवर्षी बघते. त्यातून गणितासारख्या विषयात तर घाईने 'संशोधन' करू नये, असं मानणारी फार चांगली माणसं आहेत. तेव्हा मुंबई विद्यापीठात शिकवणाऱ्या एस. कुमारेसन यांनी 1993 मध्ये एमटीटीएस हे गणिताचं उन्हाळी शिबिर सुरू केलं. आज देशभरातले कितीतरी गणिती त्या शिबिरातून गेलेले आहेत. तिथे पदवीच्या मुलांकडून पेपर लिहून घेत नाहीत. चार आठवडे फळ्यासमोर उभं करून 'हे असंच का?' एवढंच विचारत राहतात. मग सरांचंच खरं ठरलं की!

ठरत नाही. कारण एमटीटीएसमध्ये जे होतं तेही 'आधी ऐका, लिहून घ्या, पाठ करा, मग विचार करा' असं नसतं. तिथे पहिल्या दिवसापासून मुलगा स्वतः झगडतो. संशोधनाचा गाभा तोच, पेपर ही त्याची फार पुढची सावली. खेड्यात पोहायला कसं शिकवतात आठवा. काठावर बसवून आधी हातपाय मारण्याचा सिद्धांत कुणी सांगत नाही. कमरेला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधतात आणि ढकलतात विहिरीत. पाया पक्का झाल्यावर पाण्यात उतरू म्हणणारा जन्मभर काठावर बसतो. वादाचा खरा मुद्दा मुलांच्या पायाचा नाहीच. भोपळा कोण बांधणार, हा आहे.

विहिरीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते. मी भूगोल शिकवते. चारेक वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या एका मुलीने मला विचारलं, की आमच्या वस्तीवरच्या विहिरीचं पाणी पूर्वी मार्चपर्यंत टिकायचं असं आजोबा म्हणतात, हे खरं मानायचं का? मी म्हटलं, मला ठाऊक नाही, आपण मोजू. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. एका वस्तीचं आठवड्याआठवड्याचं चित्र त्यातून मिळत नाही. दोरी, शिसाचा गोळा, मोजपट्टी आणि एक शंभर पानी वही, एवढ्या भांडवलावर ती दर रविवारी मोजायला लागली. तीन महिन्यांनी आकडे बघितले तर पातळी वेड्यासारखी वरखाली. तिने पंधरा दिवस डोकं खाजवलं आणि मग तिच्या लक्षात आलं, की कधी ती मोटर चालू व्हायच्या आधी मोजत होती, कधी मोटर बंद झाल्यावर. तीन महिन्यांचे आकडे फुकट गेले. त्या दिवशी तिला 'मापनातली चूक' समजली. पाठ्यपुस्तकातली त्याच नावाची दोन पानं तिने बारावीत पाठ केली होती आणि पेपरात लिहून गुणही मिळवले होते. सरासरी, विचलन, आलेखाचे अक्ष हे सगळं ती पुढच्या सहा महिन्यांत स्वतःहून शिकली, कारण तिला ते लागत होतं. कच्चा पाया असा भरला जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आता पेपरवाल्या पाहुण्यांकडे. त्यांच्या बाजूचा बळकट मुद्दा असा, की काही ठोस उद्दिष्ट नसेल तर हे सगळं हौसेवर राहतं, आणि पुढच्या प्रवेशाला हौस दाखवता येत नाही, कागद दाखवावा लागतो. बरोबर आहे. पण हा प्रयोग आपण एकदा प्राध्यापकांवर करून बसलो आहोत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, 2010 च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या बढतीला एपीआय नावाची गुणांची मोजपट्टी लावली, पेपरला गुण ठेवले. पुढे काय झालं? गुण हवेत म्हणून पेपर, पेपर छापायचेत म्हणून नियतकालिकं, आणि ती चालवायचीत म्हणून लेखकाकडूनच पैसे. मे 2018 मध्ये यूजीसीला स्वतःच्याच मान्यताप्राप्त यादीतून चार हजारांहून अधिक नियतकालिकं काढून टाकावी लागली. त्यानंतर नवी केअर यादी आली, तीही 2025 मध्ये गुंडाळली. पीएचडीचा प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती तर 2022 च्याच नियमावलीत गेली. म्हणजे ज्या खुळातून पीएचडीवाल्यांना सोडवलं, ते आता बीएससीच्या पोरांच्या गळ्यात बांधायचं? 'रिसर्च इंटर्नशिप, घरबसल्या, प्रमाणपत्रासह' अशा जाहिराती मुलांच्या मोबाइलवर येऊ लागल्याच आहेत. पैसे भरा, चार व्हिडिओ बघा, कागद घ्या. भूक खरी असली की भेसळीचा बाजार उभा राहायला वेळ लागत नाही.

आणि मेल टाकण्याचा सल्ला. हा सल्ला देणाऱ्यांना रामानुजन फार आवडतो. मद्रास पोर्ट ट्रस्टमधल्या कारकुनाने 16 जानेवारी 1913 ला केंब्रिजचे गणिती हार्डी यांना पत्र लिहिलं आणि इतिहास घडला, तुम्हीही लिहा! पण ही गोष्ट पुरती सांगत नाहीत. हार्डींच्या आधी रामानुजनने केंब्रिजच्याच बेकर आणि हॉब्सन या दोन नामवंत गणित्यांना लिहिलं होतं. तिथून काहीही हाती लागलं नाही. जगातल्या असामान्य बुद्धीच्या माणसाच्या तीन पत्रांतलं एक लागू पडलं. मग परभणीच्या की गडहिंग्लजच्या, इंग्रजीत चार ओळी जुळवताना घाम फुटणाऱ्या, शिफारसपत्र कुणाकडून घ्यायचं हे माहीत नसलेल्या सामान्य हुशार पोराची किती पत्रं लागू पडावीत? आपण यशस्वी झालेल्याची गोष्ट सांगतो. उत्तर न आलेल्यांची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

'हुशार माणूस वाट काढतोच' या विधानाइतकं आळशी विधान शिक्षणक्षेत्रात दुसरं नसेल. खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचा पहिला शोधनिबंध 1928 मध्ये, ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदवीला असताना छापून आला. त्याच वर्षी उन्हाळ्यात ते कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत होते. ती प्रयोगशाळा सी. व्ही. रामन यांची, आणि रामन त्यांचे सख्खे काका. यात चंद्रशेखरांचं काही कमी होत नाही. फक्त प्रत्येकाला असा काका नसतो. कमला भागवत यांच्या, म्हणजे पुढच्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींच्या, वडिलांनी आणि काकांनी तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिक्षण घेतलं होतं. रामन पुढे तिथे संचालक झाले. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून त्या तिथे गेल्या, तर मुलगी म्हणून रामन यांनी नकार दिला. त्यांनी सत्याग्रहाची भाषा केली तेव्हा वर्षभराच्या परीक्षणाच्या अटीवर आत घेतलं. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्यांनी जे दाखवायचं ते दाखवलं. पण ओळख असून, गुण असून ही गत, तर दोन्ही नसलेल्यांनी काय करायचं? तेव्हा दारात बाई अडवली जायची. आज कोण अडतं? जिला पुण्यात दोन महिने राहायचा खर्च परवडत नाही ती. जिला घरचे परक्या गावी राहू देत नाहीत ती. सुट्टीत ज्याला द्राक्षबागेत नाहीतर दुकानात काम करावं लागतं तो. यांना कुणी नकार देत नाही, हे तर आणखी वाईट. ते अर्जच करत नाहीत.

सरकारी योजना नाहीत असं नाही, आणि त्या वाईटही नाहीत. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 2004 पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एनआययूएस हा विज्ञानाचा उपक्रम चालवतं. मी पाहिलेल्या अशा उपक्रमांत तो सर्वांत विचारपूर्वक आखलेला आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी शिष्यवृत्ती देतात. विज्ञान शिकणाऱ्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीच्या वर्षाच्या 80,000 रुपयांतले 20,000 उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठीच असतात. आपल्या राज्यात 2006 पासून विद्यापीठांची 'आविष्कार' स्पर्धा होते, तिच्यात पदवीचा गट वेगळा असतो आणि विज्ञानापासून भाषा-कलांपर्यंत सहा विभाग असतात. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला या चार नावांचा कागद प्रवेशाच्या दिवशीच हातात मिळायला हवा. मिळतो का? आमच्याकडेही परवापर्यंत मिळत नव्हता. पण हे सगळे दरवाजे अरुंद आहेत, आणि बहुतेक ठिकाणी आधी मिळालेले गुण बघूनच उघडतात. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना तर 2022 मध्ये बंदच झाली. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' आहे, पण तिथेही पहिल्या सहा सत्रांत 75 टक्क्यांची अट आहे. गणित सोडून बाकीच्या विषयांत नापास होत राहिल्यामुळे एफ.ए.सुद्धा (तेव्हाची पदवीआधीची परीक्षा) पार न करू शकलेल्या रामानुजनचे गोडवे गाणाऱ्या देशाने ही अट घालावी! परीक्षेचे गुण आणि प्रश्नाच्या मागे लागायची चिकाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला हवं का?

तरी सर्वांत अवघड आक्षेप अजून बाकी आहे. संशोधन करून घेणार कोण? जागा वर्षानुवर्षं भरलेल्या नाहीत. कित्येक विभाग तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या जिवावर चालतात. दोन-तीन कॉलेजांत तास घेत एसटीने फिरणाऱ्या, पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे माहीत नसलेल्या माणसाला 'मुलांना संशोधनाला लावा' सांगणं ही क्रूर थट्टा आहे. मी याला उत्तर देणार नाही, कारण उत्तर एकच आहे: जागा भरा. त्याला पर्याय म्हणून कुणी माझा हा लेख वापरू नये. पण उरलेल्या, पूर्ण पगारावरच्या आम्हा लोकांचं काय? प्रयोगशाळा नाही, निधी नाही, जर्नल नाही, ही आमची ठरलेली रड. यातलं किती खरं आहे?

1915 मध्ये गिल्बर्ट स्लेटर नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक मद्रास विद्यापीठात आले. ना त्यांना भाषा येत होती, ना हाताशी कसला विदा, म्हणजे डेटा, होता. त्यांनी एक प्रश्नावली तयार केली आणि विद्यार्थ्यांना सांगितलं, सुट्टीत घरी जाल तेव्हा आपापल्या गावाची ही माहिती भरून आणा. जमीन कुणाकडे, मजुरी किती, कर्ज कुणाचं, पाणी कुठून. मुलं घेऊन आली. 1918 मध्ये ते प्रसिद्ध झालं. पुढे 1930 च्या दशकात अभ्यासकांनी त्याच गावांत जाऊन पुन्हा मोजलं. त्यातल्या इरुवेलपट्टू गावाचा अभ्यास 1980 च्या दशकात आणि मग 2008 मध्ये पुन्हा झाला. सुट्टीला घरी गेलेल्या पोरांनी भरून आणलेल्या कागदांवर एका गावाचा जवळजवळ शतकभराचा आर्थिक इतिहास उभा आहे. त्या मुलांना मेल कुणाला टाकायचा हा प्रश्न पडला नाही. प्रश्न त्यांच्या मास्तरांकडे होता, आणि उत्तर त्यांच्या घरी. परक्या शहरात दोन महिने राहायची गरज तर नव्हतीच. उलट घरी जाणं हीच पात्रता होती.

आपल्याकडेही तोच काळ. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी सहकाऱ्यांना घेऊन शेजारच्या पिंपळे सौदागर गावाचा शेतनिहाय अभ्यास केला, तो 1917 मध्ये आला. गावातली सरासरी जमीनधारणा 1771 मध्ये 40 एकर होती, ती 1915 च्या सुमारास 7 एकरांवर आली होती, हे त्यांनी दाखवलं. जमिनीच्या तुकडेकरणावर बोलताना आजही हे आकडे दिले जातात. तिथे आता टॉवर उभे आहेत. ती नोंद झाली नसती तर तिथे शेतं होती हे सांगायलाही कुणी उरलं नसतं. आणि हे कलाशाखेला जमत नाही असं समजू नका. पटवर्धनांच्या दफ्तरातले कागद वाचून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापणारे वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवत होते. संशोधन संस्था असते तिथेच संशोधन होतं, हा समज आपल्या आजोबा-पणजोबांना नव्हता. आपल्यालाच तो कुठून चिकटला?

मला वाटतं, त्याचं मूळ 1857 मध्ये आहे. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, परीक्षा घेणारी संस्था म्हणून. विद्यापीठाने स्वतः शिकवावं, अभ्यास करावा याला कायद्याने वाट मिळाली ती 1904 मध्ये, आणि ती रुळायला आणखी पंधरा-वीस वर्षं गेली. संलग्न कॉलेजाचा जन्मच 'परीक्षेची तयारी करून देणारी जागा' म्हणून झाला. पुढे विद्यापीठांत विभाग आले, विद्यापीठांबाहेर राष्ट्रीय प्रयोगशाळा आल्या, हुशार माणसं आणि पैसा तिकडे गेला. बहुसंख्य मुलं ज्या कॉलेजांत शिकतात तिथे परीक्षाच उरली. अमेरिकेत एमआयटीने 1969 मध्ये पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या संशोधनात सामील करून घेण्याची रीतसर योजना सुरू केली, तेव्हा ती सहज रुजली. कारण शिकवणारा आणि शोधणारा तिथे एकच माणूस होता. आपण त्या माणसाचे दोन तुकडे केले, आणि आता पोराला सांगतो की दुसरा तुकडा शोधून काढ.

हे तुकडे तालुक्याच्या कॉलेजात पुन्हा जोडता येतात का? निदान सुरुवात करायला नव्या पैशाची गरज नाही. नव्या अभ्यासक्रमात दोन क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट आलाच आहे, म्हणजे ढोबळमानाने 60 तास. सध्या त्याचं काय होतं हे मास्तर लोकांना माहीत आहे: मागच्या वर्षीचं मुखपृष्ठ बदलून तीच फाइल, स्पायरल बायंडिंग, सही. त्याऐवजी प्रत्येक विभागाने एक, फक्त एक, प्रश्न धरावा आणि तो दहा वर्षं सोडू नये. आठवडी बाजारातले भाव. ओढ्याकाठच्या झाडांचा फुलोरा. तालुक्यातल्या मोडी कागदांची यादी. बोलीतले शेतीचे शब्द. भौतिकशास्त्रवाल्यांना दुर्बीण नाही म्हणून रडायचं कारण नाही. नारायणगावजवळ खोडदला 30 अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिचा कितीतरी विदा सर्वांना खुला आहे, आणि रॅड अ‍ॅट होम या गटासोबत 2013 पासून देशभरातले विद्यार्थी तो घरून तपासत आले आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलाने येऊन त्या चालत्या गाड्यात आपले 60 तास घालायचे. त्याला काही 'मिळवायचं' नसतं, फक्त चालू कामाला हात लावायचा असतो. तीन वर्षांत चारशेपैकी चारच जण त्यात रमले तरी चालेल. आणि अकादमींच्या त्या उन्हाळी शिष्यवृत्तीला शिक्षकांनाही अर्ज करता येतो, हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आधी आपण स्वतः एक उन्हाळा विद्यार्थी होऊन यावं, मग पोरांना पेपरचं विचारावं.

तोवर नव्याने आलेल्या पोराने काय करावं? कॉलेज बदलायची वाट बघत बसू नये, हे उघड आहे. मी तरी माझ्या वर्गात सांगते की शंभर अनोळखी लोकांना एकच मजकूर पाठवण्यापेक्षा शिकवणाऱ्या पाच जणांना तास संपल्यावर गाठा आणि विचारा, "सर, तुम्हाला अजून न सुटलेला प्रश्न कोणता?" तीन जण चिडतील. एखादा गप्प होईल. त्या गप्प झालेल्याचा पिच्छा सोडू नका.

ती विहीर मोजणारी मुलगी आता एमएससीला आहे, आणि तिच्या नावावर एकही पेपर नाही. आजोबांचं म्हणणं खरं होतं का, याचं उत्तर द्यायला चार वर्षांचे आकडे पुरत नाहीत, असं तिने शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय. वही सध्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाकडे आहे. परवा तो विचारत आला, "मॅडम, विहिरीवर आता सोलर पंप बसवलाय, तो ऊन पडलं की दिवसभर चालतो. मग मोजायची वेळ पहाटेची करायची का? आणि केली, तर मागचे आकडे यांच्याशी कसे जुळवायचे?" मला अजून उत्तर सापडलेलं नाही.